कुणी जेवायला बसेपर्यंत

ऑक्टोबर लागला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पाऊस उरकलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या या दिवसांत आमच्या संभाजीनगरचं ऊन नुसतं डोक्यावर बसून राहतं. आज सकाळपासून मी घरात फेऱ्या मारते आहे. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत, तिथून परत. नळाला पाणी यायचा दिवस आहे आणि ते आलेलं नाही, म्हणून ही बाई अशी करते आहे असं समोरच्या शेजारणीला वाटलं असेल. खरं कारण जेवणाच्या टेबलावर पडलं आहे. विटेएवढं जाड, निळ्या पुठ्ठ्याचं, गोष्टीचं पुस्तक. सकाळी मी ते टेबलावरून उचलून फ्रीजवर ठेवलं, मग फ्रीजवरून कपाटात, आणि आता परत टेबलावर. एका नावाड्याच्या मरणाचं प्रकरण त्यात आहे. ते मी वाचलं आहे. अण्णांनी अजून ऐकलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते, सगळी नोकरी कन्नड डेपोत गेली. पडद्यामागून त्यांचा आवाज येतो. "माय, आज सुरू करायचं का गं?" आमच्याकडं बापानं लेकीला माय म्हणायची रीत आहे. मी म्हणते, "बघू अण्णा, पेपर तपासायचेत." पेपर कालच तपासून झाले आहेत.

हे सगळं सुरू झालं तो ऑक्टोबर काही वर्षांपूर्वीचा. अण्णांचा एक डोळा आधीच काचबिंदूनं नेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांचं सगळं चाललं होतं, आणि नवरात्राच्या तोंडावर त्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आत हवेचा बुडबुडा सोडला आहे, तो पडद्याला आतून टेकू देणार. पण त्यासाठी पेशंटनं पालथं पडून राहायचं. झोपताना पालथं, जागेपणी पालथं, जेवण आणि न्हाणीपुरतं उठायचं, तेही मान खाली घालून. मान वर झाली की बुडबुडा सरकला, आणि बुडबुडा सरकला की डोळा गेला. असे काही आठवडे काढायचे होते.

उभ्या जन्मात जो माणूस कधी एका जागी बसला नाही, त्याला हे सांगणं म्हणजे शिक्षाच होती. घाटातल्या वळणावळणांवर, गच्च भरलेल्या गाडीत, एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं तिकिटं फाडत ज्यांची कंबर घडली, ते अण्णा आता पलंगाच्या कडेला गुंडाळलेल्या गोधडीवर कपाळ टेकवून, कडेबाहेर फरशीकडं तोंड करून पडले होते. डोळ्यावर पट्टी. फरशीसुद्धा दिसत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी रेडिओ ऐकला, दुसऱ्या दिवशी रेडिओ बंद करायला लावला. पाय हलवत राहायचे. बोटांनी पलंगाची कड वाजवत राहायचे. पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला अनवाणी निघालेल्या माणसांची रस्त्यावरून कुजबुज यायची, तेव्हा विचारायचे, "किती जनं असतील गं?" मी अंदाजानं काहीतरी सांगायची. "जादा गाड्या सोडल्या असतील," असं म्हणून मान उचलायला लागायचे, आणि मी धावत जाऊन मानेवर हात ठेवायची.

त्यांना पडून राहायला लावायचं कसं, हा घरातला एकमेव प्रश्न झाला होता. उत्तर माझ्या लेकीच्या कपाटात निघालं. मुक्ता तेव्हा अकरावीत होती आणि जिवंत माणसांपेक्षा पुस्तकातल्या माणसांची तिला जास्त काळजी होती. तिच्याकडं एका इंग्रजी कादंबरीमालेचे जाडजूड खंड होते. बर्फाचा देश, जुनी राजघराणी, आग ओकणारी एक म्हातारी सर्पीण, आणि हरवलेली मशाल शोधायला निघालेली सात माणसं. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पुस्तक मांडीवर घ्यायचं, पलंगाशेजारी पाटावर बसायचं, आणि इंग्रजी वाचत तोंडानं मराठीत सांगत जायचं, असं ठरलं. बाहेर अंग भाजत होतं आणि आमच्या घरात हिमवादळ चाललं होतं. अण्णांनी बर्फ कधी पाहिलेला नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे फ्रीजात वरच्या कप्प्यात साचतो, तसलाच ना?" तसलाच, म्हटलं. तेवढ्या आधारावर त्यांनी सगळा देश उभा केला.

त्या गोष्टीत माणसं फार मरतात. मुक्ता आणि तिच्या मैत्रिणींचा फोनवर रोजचा वाद हाच, की सगळ्यांत वाईट मरण कुणाचं. मुक्ताच्या मते राणी योर्नाचं. बर्फाची दरड कोसळते, अलीकडे राणीचा लहान मुलगा राहतो, पलीकडे राणी. मधे एवढी जाड भिंत की हाका ऐकू जात नाहीत, म्हणून दोघं दगडानं ठोकत राहतात. मुलगा दोनदा ठोकतो, आई दोनदा ठोकते. असं पानभर चालतं आणि मग मुलगा दोनदा ठोकतो आणि पुढचा परिच्छेद दुसऱ्याच गावात सुरू होतो. मुक्ता म्हणायची, "आई, यावर कुणी वाद घालूच शकत नाही." तिची एक मैत्रीण धाकट्या राजपुत्राच्या बाजूची होती. मोठ्या भावाच्या बुटाचा बंद सुटलेला बघून तो बांधायला खाली वाकतो, आणि तो वाकलेला असतानाच भाऊ त्याला मारतो. यावर दोघींचं आठवडाभर बोलणं बंद होतं.

मला मात्र त्या सर्पिणीनं रडवलं. ती झोपेतच मरते, पण ती झोपली आहे असंच सगळ्यांना वाटतं. किल्ल्यातली माणसं दिवसेंदिवस चवड्यांवर चालतात, बायका पोरांना गप्प करतात, भांडं पडलं तर थरथरतात. मेल्यावरसुद्धा कुणी जवळ जात नाही. ते सांगताना माझा आवाज फुटला आणि मी चांगली पदरात तोंड घालून रडले. अण्णा पालथ्यानंच म्हणाले, "अगं, जनावर व्हतं ते."

मला नंतर वाटलं, हे काय चाललं आहे आपलं. चाळिशीतली बाई, कुणी तरी दूर देशी बसून रचलेल्या सापासाठी रडते. आणि माझी खरी आई गेली तेव्हा मी रडले नव्हते. खऱ्या मरणाच्या वेळी माणसाला कामं असतात. मी नववीत होते. मी चहा केला, सतरंज्या टाकल्या, मावशीला पाणी दिलं. रडायचं राहून गेलं. ते राहिलेलं रडणं असं कुठंही, कुणाच्याही नावावर निघतं बहुतेक.

आईचाच एक नियम त्या दिवसांत आमच्या घरात परत आला. कन्नडला असताना आई दर श्रावणात पोथी वाचायची. शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. पोथीत कुणाचं मरण आलं, की तिथं पोथी मिटायची नाही, हा तिचा दंडक. पुढं कुठं जन्म येईपर्यंत, लग्न येईपर्यंत वाचत राहायचं. युद्धाच्या अध्यायात जन्म आणि लग्नं कुठून येणार? भाकऱ्या खोळंबायच्या, बायका चुळबुळायच्या. तेव्हा आईनं स्वतःच एक सवलत काढली होती. जन्म नाही, लग्न नाही, तर निदान कुणी जेवायला बसलेलं आलं तरी चालेल. घास घेतला की पोथी मिटायची.

अण्णांच्या हे सगळं ध्यानात होतं. राणी योर्नाच्या त्या ठोकण्यावर मी दमून पुस्तक मिटायला गेले, तर पलंगावरून आवाज आला, "मिटू नको. कुनी जेवाय बसलं का?" पुढची पानं चाळली. कुणी जेवत नव्हतं. बर्फातल्या लढाईत कोण जेवणार? मग मी आपल्या मनानं दोन पहारेकरी शेकोटीपाशी बसवले आणि त्यांच्या हातात रस्सा आणि पाव दिला. अण्णा म्हणाले, "पाव कशाला, भाकर म्हन." दिली भाकर. मुक्ता दारात उभी होती. ती नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर घसरली. "आई, तिथं असं काहीही नाहीये. तू लेखकाच्या पुस्तकात घुसतेस." मी म्हटलं, अगं, आजोबांचा डोळा आहे तो. ती म्हणाली, "डोळा आहे म्हणून खोटं सांगायचं का?" या बाबतीत ती फार कडक होती. एका शब्दाची हलवाहलव तिला खपायची नाही.

अण्णांचे जुने ड्रायव्हर रशीदभाई सिल्लोडहून भेटायला आले ते याच सुमाराला. पिशवीभर सीताफळं घेऊन आले. जळगाव रस्त्याला म्हणे मका वाळत घातलाय अर्ध्या डांबरावर, गाडी चालवायला जागा नाही. मित्राला असं पालथं बघून तेही खुर्ची सोडून माझ्या शेजारी खाली बसले आणि गोष्ट ऐकायला लागले. त्या दिवशी फिस्का मेली. शिंग फुंकून सैन्याला इशारा देणारी पोर. इशारा दोन फुंकरींचा असतो. पहिली फुंकर ऐकू येते, आणि सगळं सैन्य दुसरीची वाट बघत उभं राहतं.

रशीदभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तर," ते अण्णांना म्हणाले, "ये बच्चीका बहोत बुरा हुआ. एकच बेल पे गाडी नहीं निकलती ना."

"नाय निघत," अण्णा म्हणाले.

मी त्या दिवशी शेकोटीपाशी पुन्हा कुणाला तरी जेवायला बसवलं. रशीदभाईंना नियम माहीत नव्हता. त्यांना वाटलं पुस्तकात खरंच तसं आहे. "अच्छा लिखा है," म्हणाले. मुक्तानं माझ्याकडं बघून डोळे फिरवले.

गाडीवरच्या सवयीनं अण्णांना आणखी एक खोड होती. गाडीत चढलेला माणूस कुठं उतरला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. गोष्टीत कुणी घोडेवाला, कुणी शिंपीण पानभर येऊन गेली तरी दोन दिवसांनी विचारणार, "त्या शिंपिनीचं काय झालं?" बहुतेकांचं काही ना काही झालेलं असायचं. लेखक हुशार होता, पण एका ठिकाणी अडलं.

पहिल्याच खंडात हेडो नावाचा एक नावाडी येतो. धुक्याच्या नदीवरून त्या सात जणांना पलीकडं सोडतो. उतरताना त्यांच्यातली एक जण विचारते, परत यायला नाव मिळेल ना? तो म्हणतो, तुम्ही कधीही या, मी इथंच आहे. बस, एवढंच. ते सात जण पुढं दुसऱ्याच वाटेनं जातात, त्यांतले बरेच मरतात, राज्यं बुडतात, आणि नावाडी कुणाला आठवत नाही. मला तर त्याचं नावही पुढं आठवलं नाही. मग तिसऱ्या खंडात एक ओळ येते, की सैन्यानं जाता जाता नदीकाठची गावं जाळली. मी ती ओळ वाचून पुढं गेले.

"थांब," अण्णा म्हणाले. "त्यो नावाडी?"

"त्याचं काही दिलेलं नाही, अण्णा."

"गावं जळाली म्हंजे त्यो बी जळाला?"

"लिहिलं नाहीये. गेला असेल कुठं तरी."

"जाईल कसा? मी हितंच हाय म्हनला व्हता ना? आन् हे परत गेलेच नाय." त्यांचा आवाज चढला. "ह्यांच्यातल्या एकानं तरी इचारलं का, तो कसा मेला म्हनून? मरताना वाट बघत व्हता का, काय?"

आणि ते उठून बसले. मान ताठ वर. माझ्या हातातलं पुस्तक पडलं. मी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून त्यांना परत पालथं केलं, पण ते दिवसभर वळवळत राहिले. दुसऱ्या दिवशी गोष्ट नको म्हणाले. "ज्याला मानसं ध्यानात ऱ्हात नाय त्याचं पुस्तक मला नगं." तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडदा अजून नीट धरत नाही, आता जरासुद्धा हलायचं नाही. परत येताना रिक्षात अण्णा मान खाली घालून बसले होते.

मला कळत होतं त्यांना काय झालं आहे. घरात इतर कुणाला कळणं शक्य नव्हतं. आई गेली त्या रात्री अण्णा मुक्कामी गाडीवर होते, घाटाखालच्या एका गावी. उद्या सकाळी येतो, असं सांगून गेलेले. संध्याकाळी आईच्या छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. त्या गावात फोन नव्हता. सकाळी त्यांनी नेहमीसारखी गाडी आणली, स्टँडात उतरले, आणि तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं. घरी आले तेव्हा सगळी तयारी झालेली होती. ती कशी गेली, काय म्हणाली, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी घरात एकटी तिच्यापाशी होते; मीही कधी सांगितलं नाही. सुरुवातीला मी लहान म्हणून त्यांनी विचारलं नसेल, नंतर फार उशीर झाला म्हणून. अशी वर्षं गेली आणि शेवटी त्यांनी एका नावाड्याबद्दल विचारलं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. मुक्ता क्लासहून आली, दप्तर टाकलं आणि थेट आजोबांच्या खोलीत गेली. पलंगाच्या कडेखाली उताणी पडली, म्हणजे तिचं तोंड बरोबर त्यांच्या तोंडाखाली. मला दारातून तिचे फक्त पाय दिसत होते.

"आजोबा, नावाड्याचं सापडलं," ती म्हणाली.

"कुठं?"

"आईनं वगळलं होतं. तिला लांबण लावायचा कंटाळा."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. एक शब्द इकडचा तिकडं न खपणारी माझी पोर, आडवं पडून, न अडखळता सांगत होती. नदीवर धुकं होतं. हेडो म्हातारा झाला होता. संध्याकाळी त्यानं नाव बांधली, चूल पेटवली.

"वाट बघत व्हता का?" अण्णांनी विचारलं.

"बघत होता, पण रडत-बिडत नव्हता. माणसं कामाला गेलीत, उशीर होणारच, हे त्याला माहीत होतं. त्यानं स्वतः जेवून घेतलं. त्यांचं झाकून ठेवलं. आणि मग झोपला. सैन्य नंतर आलं, आजोबा. तो आधीच गेला होता, झोपेत."

मुक्ताला आजीबद्दल यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचे बाबा वाळूजला कंपनीत आहेत, दुसऱ्या पाळीला असले की मी जेवून घेते आणि त्यांचं ताट झाकून ठेवते. तिनं आपल्या घरात रोज बघितलेलं उचललं आणि धुक्याच्या नदीवर नेऊन ठेवलं. तिच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं.

मग अण्णांनी मला हाक मारली. मी दारात गेले, तर त्यांनी पालथ्यानंच, मान न उचलता विचारलं, "माय, तुझी आई जेवली व्हती का गं?"

मी म्हटलं, "जेवली होती, अण्णा. मीठ जास्त झालं म्हणून हसली होती. तुमची भाकर झाकून ठेवली होती सकाळसाठी. मग म्हणाली, जरा पडते."

"माझं नाव काढलं का?"

"सकाळी दूध जास्त घे म्हणाली. ते येतील."

अण्णांची पाठ हलत होती. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण मान खालीच होती, म्हणून मी अडवलं नाही. मुक्ता पलंगाखाली हलली नाही. थेंब तिच्या गालावर पडले असतील, पण तिनं ते कधी सांगितलं नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि आईसाठी रडले. ते रडणं फार वर्षांचं होतं.

त्यानंतर अण्णा पडून राहिले. पाय हलायचे थांबले, बोटांनी पलंग वाजवायचे थांबले. उरलेली गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. पट्टी निघाली तेव्हा माझ्याकडं बघून पहिलं वाक्य बोलले ते, "तुझे केस लई पांढरे झाले की." डोळा वाचला. अक्षरं लागत नाहीत, पण समोरचं माणूस कळतं, ताटात काय आहे ते कळतं.

आणि आता हा ऑक्टोबर. मालेचा शेवटचा खंड आला आहे. मुक्ता पुण्याला शिकते. तिनं तो एका दमात वाचला आणि फोन केला. "आई, त्यानं नावाडी परत आणलाय." तिचा आवाज ठीक नव्हता. "तू आधी वाच. आणि आजोबांना सांगताना बदलून सांग." मी म्हटलं, हे तू म्हणतेस? ती म्हणाली, "हो, मीच म्हणतेय."

लेखक विसरला नव्हता. इतकी वर्षं त्यानं नावाडी राखून ठेवला होता. सातांतले उरलेले दोघं शेवटी त्या नदीवर परत येतात. गाव जळून गेलेलं असतं, पण हेडो पळालेला नसतो. तो नावेतच बसलेला सापडतो, गोठलेला, नावेचा दोर मनगटाला गुंडाळलेला, तोंड पलीकडच्या काठाकडं. जवळच्या पिशवीत धान्य तसंच असतं, मूठभरही कमी नाही. पाहुणे आले की मिळून खाऊ, म्हणून त्यानं खाल्लेलं नसतं. तो वाट बघत, उपाशी मेलेला असतो.

हे मी अण्णांना कसं सांगायचं? म्हणून या फेऱ्या. बदलून सांगायला माझी काही हरकत नव्हती. मी तर बर्फात भाकऱ्या थापलेली बाई. पण मुक्ता उताणी पडून सांगत होती तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि अण्णांना तिचं तोंड दिसत नव्हतं. आता सांगणार मी, आणि माझं तोंड त्यांना दिसतं. आणि खरं सांगितलं, तर त्या दुपारी त्यांना जे मिळालं ते मी परत काढून घेणार. एका पोरीनं रचलेल्या चार वाक्यांवर तो माणूस इतकी वर्षं शांत झोपतो आहे. हे असं दोन्हीकडून मला डसत होतं.

दिवेलागणीला अण्णा भिंतीला हात लावत स्वतःच बाहेर आले आणि टेबलाशी बसले. पुस्तकावर हात ठेवला. मुक्ता दिवाळीसाठी पुण्याहून निघाली होती, गाडी नगरच्या पुढं आली होती. नवरा दुसऱ्या पाळीला. घरात आम्ही दोघंच होतो. मी सुरुवात केली, मधली पानं थोडक्यात सांगत गेले, आणि नदी आली तशी गप्प झाले.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "नावाडी आला ना?"

मी मान हलवली.

"जसं हाय तसं वाच, माय. आता डोळा बरा हाय माझा."

मी वाचलं. दोर वाचला, मनगट वाचलं, धान्याची पिशवी वाचली. एकही शब्द गाळला नाही. वाचताना त्यांच्याकडं बघायचा धीर झाला नाही. बाहेर कुणाच्या तरी टाकीत टँकरचं पाणी पडत होतं, त्याचाच आवाज येत होता.

"उपाशी गेला म्हन की," अण्णा म्हणाले.

"हो, अण्णा."

"म्हंजे ते पोरीनं रचलं व्हतं."

"हो."

"मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "आन् तू सांगितलं ते?"

"ते खरं, अण्णा. तिची शपथ. ती जेवली होती."

त्यांनी हळूहळू मान हलवली. मी पुस्तक मिटायला गेले तर त्यांनी पानावर पंजा ठेवला. "मिटू नको. पुढं कुनी जेवतं का बघ."

मी पानं उलटली. लढाई होती, चिता होत्या, परतीचा रस्ता होता. शेकोटीपाशी दोन माणसं बसवणं काही अवघड नव्हतं, आणि त्यांनीही ते मान्य केलं असतं. पण माझ्यानं होईना. "नाही," मी म्हटलं. "कुणीच जेवत नाही."

"मंग ऊठ," अण्णा म्हणाले. "आपनच बसू."

ते स्वतः उठले, मांडणीवरून ताटं काढली. मी भाकरी केली, वांग्याची भाजी होती, मिरचीचा ठेचा होता. पुस्तक टेबलावर उघडंच होतं, नावाड्याच्या पानावर. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, घास घेतला, नीट चावून गिळला, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता मिट."

मी पुस्तक मिटलं. अण्णांनी आणखी एक ताट ओढलं. चाचपडत त्यात भाकरी ठेवली, भाजी वाढली, ठेचा वाढला, आणि वरून दुसरं ताट झाकलं.

"पोरगी गाडीत हाय, उशीर व्हईल तिला," ते म्हणाले. "तू जेवून घे."